वाळूवरचे घर, गोडे पाणी

डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस प्रभू येशूने सांगितलेला दोन घरांचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. शहाण्या माणसाने आपले घर खडकावर बांधले, मूर्खाने वाळूवर. पुढे पाऊस आला, वारा सुटला आणि कोणते घर टिकले हे लहान मुलांनाही ठाऊक आहे. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये बसून हा दाखला ऐकताना आमच्या मनात मात्र दर वेळी एक खट्याळ शंका डोकावते. ज्या चर्चमध्ये आपण बसलो आहोत ते, आणि ज्या घरांतून आपण निघून आलो ती घरे, बहुतेक सारी वाळूवरच तर उभी आहेत! मग आपले पूर्वज त्या दाखल्यातील मूर्खांच्या रांगेत बसायचे काय?

शंका थट्टेची असली तरी तिच्यामागील प्रश्न थट्टेचा नाही. आपल्या वाडवडिलांना जी जागा लाभली ती राहण्यासाठी सोयीची नव्हती. तरीही त्यांनी ती सोडली नाही, आणि शतकानुशतके तिच्यावर संसार केले. हे त्यांनी कसे साधले, आणि त्यांच्याकडून ती जागा ज्यांच्या हाती आली त्या आपण तिचे काय केले, याचा थोडा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

चहूकडे पाणी

वसईचा नकाशा समोर ठेवला तर या भूमीच्या अडचणी चटकन ध्यानात येतात. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडील मुख्य भूमीपासून वसईला तोडणारी सोपाऱ्याची खाडी. आज ती खाडी गाळाने भरून अरुंद झाली आहे, परंतु जुन्या काळी वसई हे खरोखरीचे बेट होते. किनाऱ्याला समांतर असे वाळूचे उंचवटे, आणि दोन उंचवट्यांच्या मधोमध सखल, पाणथळ पट्टे. कडेने खारी खाजणे. भरतीचे पाणी कोठवर येईल याचा नेम नाही.

पाऊस इथे मुबलक पडतो, वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहूनही अधिक. पण तो सारा चार महिन्यांत. पावसाळ्यात अंगणात पाणी आणि वैशाखात घशाला कोरड, अशी ही भूमी. वाळूची जमीन पाणी झरझर पिऊन टाकते, आणि खाली थोडे अधिक खणले की खारे पाणी वर डोकावते. घर बांधायला दगड नाही, नांगराला काळी माती नाही. एखाद्या व्यवहारी माणसाला आज ही जागा कोणी दाखवली असती, तर 'दुसरी दाखवा' एवढेच तो म्हणाला असता.

तरीही माणसे इथे फार प्राचीन काळापासून राहत आली. याचे पहिले कारण सोपारे बंदर. भगवानलाल इंद्रजींनी इ.स. १८८२ मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास सापडला. आपल्या ख्रिस्ती इतिहासाचे एक पान याच गावाशी जोडलेले आहे. इ.स. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांना हौतात्म्य आले. त्यांचे सहकारी डोमिनिकन धर्मगुरू जोर्दानुस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे वैभव लयाला गेले. व्यापारासाठी ज्या जागेला जगाने उत्तम मानले होते, ती उत्तम राहिली नाही. जागेचा चांगुलपणा हा कायमचा नसतो, हा धडा वसईच्या इतिहासाने असा आरंभीच देऊन ठेवला आहे.

ज्यांना निवड करता आली

दुसरा धडा किल्ल्याचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्यांनी खाडीच्या मुखाशी, जहाजांना सोयीची आणि तोफांना मोक्याची अशी जागा निवडली आणि तेथे तटबंदीचे शहर उभारले. उत्तर प्रांताची ती राजधानी झाली. तटाच्या आत प्रशस्त वाडे, मठ, चर्चे, रुग्णालय, बाजारचौक. फ्रान्सिस्कन, जेज्वीट, डोमिनिकन, ऑगस्टीनियन अशा सर्व प्रमुख संघांची घरे तेथे होती. संत फ्रान्सिस झेवियर यांची पावले या शहराला लागली. पुढे इ.स. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करणारे संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्मही वसईचाच.

शहराची जागा निवडणाऱ्यांनी निसर्गाला गृहीत धरले होते असे नाही. तरीही निसर्गाने आपला इंगा दाखवलाच. इ.स. १६१८ च्या मे महिन्यात जे प्रचंड वादळ झाले त्यात वसईच्या चर्चांची आणि मठांची मोठी हानी झाली, झाडे मुळापासून उपटली गेली. शहराने डागडुजी करून पुन्हा मान वर काढली. खरा आघात आला तो माणसांकडून. चिमाजी अप्पांच्या फौजेने घातलेल्या दीर्घ वेढ्यानंतर इ.स. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज घराणी आणि त्यांचे बहुतेक धर्मगुरू निघून गेले. पुढे इ.स. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, मग तो परत दिला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्याच तहावर सही केली. राज्ये बदलत गेली. तटाच्या आतील शहर मात्र पुन्हा वसले नाही. आज तेथे छप्पर उडालेल्या चर्चांच्या भिंती आहेत आणि त्यांवर वाढलेले वड-पिंपळ आहेत.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. किल्ल्यातील घरे दगडाची होती. वाडीतील घरे कुडाची आणि झावळ्यांची होती. किल्ल्याची जागा निवडून घेतलेली. वाडीची जागा नशिबी आलेली. पोर्तुगीज अमलात गावेच्या गावे सरदार घराण्यांना आणि धर्मसंघांना तोडून दिलेली होती. कसणारा मात्र कूळ म्हणून राबत होता. त्याला स्थलांतराची ऐपत नव्हती आणि तहाच्या वाटाघाटींत त्याचे नाव नव्हते. तरी किल्ला ओस पडला आणि वाडी नांदती राहिली. देशी धर्मगुरूंच्या आधाराने तिने आपली श्रद्धाही राखली. सांडोर, पापडी, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, गिरीज, आगाशी ही नावे आज कोणाला शोधून काढावी लागत नाहीत. तेथील घंटा अजून वाजतात.

शहर टिकले नाही, वाडी टिकली, याचे उत्तर केवळ चिकाटी असे देता येणार नाही. चिकाटीने तहान भागत नाही. उत्तर जमिनीखाली आहे.

बावखल

लूककृत शुभवर्तमानात हाच दाखला थोड्या निराळ्या तपशिलाने येतो. तेथील शहाणा माणूस पाया घालण्यापूर्वी खोल खणतो. आपल्या पूर्वजांनीही खणले. खडक त्यांना लागला नाही, पण त्यांनी बावखल खणले.

आपल्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द ऐकला असेल, पण भरलेले बावखल पाहिले असेलच असे नाही. बावखल म्हणजे वाडीतील सखल भागात खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात वाडीवरचे पाणी उतारावरून तेथे जमते. वाळूच्या तळातून ते हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना पुरवठा करते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरू लागली की बावखल तिला हात देते. खणताना निघालेली माती वाया जात नसे. तिच्या भरावाने घराचे जोते उंच होई. एकाच खणण्यातून घराला उंची मिळे आणि पाण्याला खोली. पावसात अंगणात येणारे पाणी बावखलात जाई आणि घर कोरडे राही. ज्या दोन गोष्टींचा या भूमीला शाप होता, पावसाळ्यातील अति पाणी आणि उन्हाळ्यातील अपुरे पाणी, त्यांची अशी एकमेकींशी सोयरीक लावून देण्यात आली होती. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की त्यातील गाळ काढून केळीच्या बुंध्याशी घालत. गाळ काढल्याने झरे मोकळे होत आणि झाडाला खत मिळे.

या व्यवस्थेमागील शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे किनाऱ्यावरील वाळूत पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी साठले असेल, तर त्याच्या भाराने खारे पाणी सुमारे ४० हात खाली दाबलेले राहते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात हा नियम मांडला. हिशेब उलटाही चालतो. वरचे पाणी एक हात उपसले तर खालचे खारे पाणी ४० हात वर सरकू पाहते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित कोणी शिकवले नव्हते. पण विहीर किती खोल न्यावी आणि कोठे थांबावे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पाणी काढण्याचे साधनही या गणिताला साजेसे होते. रहाटाच्या मोठ्या चाकावर दोराची माळ, माळेला बांधलेले लोटे, आणि गोल फिरणारा रेडा किंवा बैल. लोटे भरून वर येत, पन्हळीत रिते होत आणि पाटाने पाणी वाफ्यांकडे धावत असे. जनावर दमले की रहाट थांबे, आणि तेवढ्या वेळात विहिरीत झरे पुन्हा भरत. रहाटाला हाव नव्हती, असे म्हटले तरी चालेल. पुष्कळ ठिकाणी विहीर आणि बावखल भाऊबंदांच्या सामाईक मालकीचे असे. पाणी पाळीने घ्यावे लागे. शेजाऱ्याशी अबोला धरणे त्यामुळे फारसे परवडत नसे. एकमेकांना सांभाळून घेण्याची जी शिकवण रविवारी चर्चमध्ये मिळे, तिचा सराव आठवडाभर विहिरीच्या काठावर होत होता.

हे ज्ञान केवळ आपले, ख्रिस्ती समाजाचे, असा दावा आम्ही करणार नाही. ते बाप्तिस्म्याहून जुने आहे. सामवेदी आणि वाडवळ समाजांतील जी कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि जी झाली नाहीत, त्या दोहोंच्या वाड्यांत तोच रहाट आणि तेच बावखल होते. धर्म वेगळे झाले तरी पाण्याची विद्या एकच राहिली. खाडीच्या बाजूला हीच विद्या बांधांच्या रूपाने दिसे. भरतीला अडवणारा मातीचा बांध, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी सोडून देणारी उघाडी, आणि खारेपणा सोसणारे राता जातीचे तांबडे भात.

केळी, पान आणि पहाटेची गाडी

या पाण्यावर जी बागायत उभी राहिली तिने वसईला नाव मिळवून दिले. केळी, पानवेली, ऊस, भाजीपाला, मोगरा आणि चाफा. वाळूत कस नाही, म्हणून सुकट मासळीचे खत आणि पेंड घालून तो निर्माण केला. वाऱ्याचा मारा अडवायला नारळ, ताड आणि बांबू लावले. राजेळी केळी पिकली की ती सोलून उन्हात वाळवत आणि त्यांची सुकेळी करत; आगाशीची सुकेळी दूरवर प्रसिद्ध झाली. नाशवंत माल आणि दूरची बाजारपेठ, ही अडचण अशी उन्हात वाळवून तिचीच मिठाई केली गेली.

पुढे आगगाडी आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. लोहमार्ग वाड्यांपासून बराच पूर्वेकडून गेला, स्थानक दूर पडले. पण वाडीतील माणसांनी, त्यातही विशेषतः स्त्रियांनी, तेही अंतर आपलेसे केले. काळोखात उठून फुले खुडणे, भाजीच्या जुड्या बांधणे, टोपली डोक्यावर घेऊन स्थानक गाठणे आणि दादर-ग्रँट रोडच्या बाजारात माल विकून दुपारी घरी परतून पुन्हा चुलीपाशी बसणे, हा दिनक्रम अनेक पिढ्यांचा आहे. कित्येक घरांतील मुलांचे शिक्षण, एखाद्या मुलाचे सेमिनरीत जाणे, एखाद्या मुलीचे धर्मभगिनी होणे, यांमागे त्या टोपलीचा आधार होता. आपल्या इतिहासग्रंथांत तहांच्या तारखा आहेत. टोपल्यांना तेथे अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

उपसा

विसाव्या शतकात रहाटाच्या जागी पंप आला. आरंभी त्याचे स्वागतच झाले, आणि ते स्वाभाविक होते; माणसाचे आणि जनावराचे कष्ट वाचले. पण पंप दमत नाही. शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईला जागा अपुरी पडू लागली आणि तिचा लोंढा विरारपर्यंत पोहोचला. भातखाचरांत इमारती उभ्या राहिल्या. त्यांना नळ नव्हते, म्हणून वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. वरचे पाणी उपसले गेले आणि खालचे खारे पाणी वर सरकले. कित्येक विहिरी मचूळ झाल्या आणि केळीची पाने कडेने करपू लागली.

या काळात समाज गप्प बसला नाही, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. इ.स. १९८९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरू, शेतकरी, स्त्रिया, सर्वधर्मीय नागरिक रस्त्यावर आले. प्रार्थनेच्या पुस्तकाबरोबर विकास आराखड्याचा नकाशा वाचण्याची सवय आपल्या धर्मग्रामांना त्या चळवळीने लावली. इ.स. २०२४ मध्ये फादर दिब्रिटो देवाघरी गेले. पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवळ उरली आहे, तिच्यामागे त्या लढ्याचे ऋण आहे.

परंतु बाहेरच्यांशी लढणे तुलनेने सोपे असते. टँकरला पाणी विकणारी विहीर कोणाची होती? भराव घालून बुजवलेले बावखल कोणाच्या सातबाऱ्यावर होते? वाटण्या झाल्या, भावाभावांचे वाटे पडले, आणि सामाईक बावखल हे कोणाच्याच उपयोगाचे न राहिल्याने ते 'पडीक' ठरले. नळाला सूर्या नदीचे पाणी आल्यावर विहिरीची आठवण उरली नाही. जोते उंच करण्यासाठी ज्या खड्ड्यातून आजोबांनी माती काढली, त्याच खड्ड्यात नातवाने डबर ओतले आणि त्यावर बंगला बांधला. हे लिहिताना बोट इतरांकडे दाखवावे असा आमचा हेतू नाही. 'आपण' या शब्दात आम्हीही आलो.

इ.स. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. पाऊस मोठा होता हे खरेच. पण पाऊस या भूमीला नवा नाही. पाणी आपली जुनी वाट शोधत आले आणि त्या वाटेवर त्याला आपली घरे भेटली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. सखल भागातील इमारतींत राहणाऱ्या या कुटुंबांपैकी बहुतेकांनी ती जागा आवडली म्हणून निवडलेली नाही. खिशाला परवडली ती घेतली. दूरचे स्थानक, मचूळ पाणी, पावसाळ्यात तुंबणारा रस्ता, हे त्यांच्याही वाट्याला आले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या जागी आज ते उभे आहेत. त्यांतील कित्येक आपल्याच मिस्साला येतात आणि मागच्या बाकावर बसतात. त्यांना 'उपरे' म्हणून हिणवण्यापेक्षा, या भूमीवर पाण्यासोबत कसे राहावे हे आपल्याला जे ठाऊक होते ते त्यांच्याबरोबर पुन्हा शिकणे, हे अधिक ख्रिस्ती ठरेल असे आम्हांला वाटते.

इसहाकाच्या विहिरी

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक कथा आहे. त्याचा पिता अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि पित्याने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. पाण्यावरून तंटे झाले, तो पुढे सरकला, आणि ज्या विहिरीवरून तंटा झाला नाही तेथे त्याने प्रभूने दिलेल्या ऐसपैस जागेचे आभार मानले. जागा तीच रुक्ष होती. ती ऐसपैस झाली ती पाण्यामुळे आणि तंटा मिटल्यामुळे.

आपल्या कथेत एवढाच फरक आहे की विहिरी बुजवायला पलिष्टी आले नाहीत. पुन्हा खणण्याचे काम मात्र इसहाकाचेच आहे, म्हणजे वारसांचे आहे. अलीकडे काही गावांतील तरुणांनी बावखलांतील गाळ उपसण्यास आरंभ केला आहे, ही समाधानाची बाब आहे. प्रत्येक धर्मग्रामात आपल्या हद्दीतील बावखलांची यादी करावी, ज्येष्ठांकडून त्यांची जुनी नावे विचारून घ्यावीत, आणि उरली आहेत तेवढी तरी यापुढे बुजवू नयेत असा ठराव करावा. उपवासकाळात श्रमदान करायचे तर याहून योग्य काम दुसरे कोणते?

आरंभीच्या शंकेकडे वळून आम्ही हा लेख संपवतो. दाखल्यातील प्रभूचा रोख वाळूवर नव्हता. ऐकून त्याप्रमाणे न वागणाऱ्यावर होता. आपल्या वाडवडिलांनी वाळूचे ऐकले, पाण्याचे ऐकले, आणि त्याप्रमाणे ते वागले, म्हणून वाळूवरची त्यांची घरे उभी राहिली. आपण आज पक्क्या सिमेंटचे पाये घालतो. येत्या मे महिन्यात, आपल्या वाडीतील बावखलाचा तळ उघडा पडेल तेव्हा, घरातील मुलांना घेऊन एकदा त्याच्या काठावर जाऊन यावे. आणि ते बावखल आता तेथे नसेल, तर ते कोठे होते एवढे तरी त्यांना दाखवावे.